कड्यांतली फट

जळगावच्या सराफ बाजारामागच्या बोळात इसाकचाचांचं मुलाम्याचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन माणसं आत शिरली की तिसऱ्यानं उंबऱ्यावर टेकायचं. पण चाळीस वर्षांत तिथून निस्तेज वस्तू बाहेर पडली नाही. सोन्याचा मुलामा चढला की अकीक दगडाच्या ओपणीनं घासून चकाकी आणायची, मगच गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची, हा चाचांचा नेम. या नेमापायीच ते एकदा तोंडघशी पडले.

झालं असं, की कामिनी नावाची शिंदखेड्याची मुलगी नखाएवढ्या दोन चकत्या घेऊन आली. ती इथल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानात संशोधन करते. इंदूरला इलेक्ट्रॉन गोल गोल पळवून अतिप्रखर क्ष-किरण मिळवतात, त्या यंत्राला सिंक्रोट्रॉन म्हणतात. त्या किरणांनी तिनं चकत्यांवरच्या प्लास्टिकमध्ये नुसत्या डोळ्यांना न दिसणारे हजारो साचे कोरून आणले होते. त्यांत सोनं भरलं की कड्या होणार, आणि प्रत्येक कडीला मुद्दाम ठेवलेली एक फट. कुठल्याही नैसर्गिक पदार्थाला जमणार नाही अशा रीतीनं हा कड्यांचा थर विद्युतचुंबकीय लहरी वळवतो, तो या फटींच्या जोरावर. पण प्रयोगशाळेत सोनं आत उतरेचना. खड्ड्यांत हवा अडकून बसायची. आता दोनच चकत्या उरल्या होत्या. इंदूरची पुढची पाळी वर्षानं, आणि तिची शिष्यवृत्ती त्याआधीच संपणार होती.

"हवाच ना?" चाचा हसले. "रिठ्याच्या पाण्यात बुडवली की पळते."

आणि पळालीसुद्धा! मंद विजेवर पहिली चकती सोन्यानं काठोकाठ भरली. मग चाचांनी सवयीनं ओपणी उचलली आणि चार हात मारले. काय झळाळी आली म्हणता!

कामिनी ती घेऊन नाचत कॉलेजात गेली आणि तासाभरात रडकुंडीला येऊन परतली. मऊ सोनं घासून पसरलं होतं, एकूण एक फट बुजली होती. घाबरलं की माणूस घरच्या बोलीवर येतं. "चाचा, बठ्ठं गयं!" सगळंच गेलं होतं.

चाचांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकीसारख्या पोरीची मेहनत आपण चकाकीच्या हौसेपायी मातीत घातली. "एक चकती शे ना अजून?" ते तिच्याच बोलीत म्हणाले. "देशील माझ्याकडे?"

कामिनीनं उरलेल्या चकतीची डबी पुढे केली.

दुसऱ्या दिवशी चाचांनी ओपणी बायकोच्या, शहजादीचाचींच्या हाती दिली. "ही घे आणि मेहरूणला बहिणीकडे जा. मी बोलावल्याशिवाय येऊ नको." चाचींनी कपाळाला हात लावला, पण गेल्या.

चकती भरली. रंग मातकट, तेज नावाला नाही. चाचांचे हात नुसते शिवशिवत होते. शेवटी त्यांनी ती तशीच डबीत घातली आणि स्वतः कॉलेजात नेऊन दिली.

कामिनीनं उरलेलं प्लास्टिक विरघळवलं, चकती सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि डोळे पुसत स्टुलावरून उठली. "बसा चाचा. सगळ्या फटी मोकळ्या आहेत."

चाचांनी डोळा लावला. ओळीमागून ओळी, कडीशेजारी कडी, काठ सुरीनं कापल्यासारखे. आपल्या हातून असं काम झालं, या आनंदानं त्यांचा ऊर भरून आला. संध्याकाळी शिपाई कुलूप घेऊन दारात उभा राहिला, तरी ते हलेनात.

"थांबा हो भाऊ," डोळा न काढताच ते म्हणाले, "अजून अर्ध्या कड्या बघायच्या राहिल्यात."