बोट कोणावर रोखायचं

वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस कसं मिळवायचं, हे मला चांगलं कळतं. नंदनवन भागातल्या आमच्या शाळेच्या कपाटात ज्या ढाली आहेत, त्यातल्या निम्म्या माझ्या हाताखालच्या मुलांनी आणल्या आहेत, आणि हे मी कोणी न विचारताही सांगते. माझी पद्धत ठरलेली आहे. सुरुवात हळू करायची, दुसऱ्या मिनिटाला आवाज चढवायचा, आणि बोट रोखायची वेळ आली की ते सगळ्या सभागृहावरून फिरवायचं नाही, एकाच माणसावर रोखायचं. सगळ्यांवर रोखलेलं बोट कोणालाच लागत नाही. "नेम आधीच ठरवून ठेव," हे माझं वाक्य मुलांना पाठ आहे.

गेल्या वर्षी आंतरशालेय स्पर्धेला विषय आला, "दोन महायुद्धांमधलं जग". मला आनंदच झाला. मी इतिहास शिकवते. पराभव, महागाई, बेकारी, दुबळी सरकारं, मग इटलीत आणि जर्मनीत हुकूमशहा, तिकडे जपानात लष्कराची सत्ता, हा धडा मी झोपेतही शिकवू शकेन. दरवर्षी तो संपला की कोणीतरी उभं राहून विचारतं, "पण मॅडम, त्यानं देशाला शिस्त तर लावली ना?" दरवर्षी माझं डोकं फिरतं आणि पुढचा तास मी त्यातच घालवते. या वेळी म्हटलं, उत्तर भाषणातूनच देऊ.

भाषणासाठी मी नववीतली एक मुलगी निवडली. नरखेडकडच्या खेड्यातली, घरी संत्र्याची बाग, शिकायला इथे मामाकडे राहणारी. पहिल्याच आठवड्यात ती वर्गात "मले" म्हणाली म्हणून वर्ग हसला होता. हसणाऱ्यांच्या घरीही तेच बोलतात, पण ते शाळेच्या फाटकाबाहेर ठेवून येतात. तेव्हापासून तिनं तोंडच मिटलं होतं. एकदा धडा वाचायला उभी केली, तेव्हा तिचा आवाज मी ऐकला आणि ठरवून टाकलं.

भाषणाचे दोन भाग होते. पहिली चार मिनिटं ती काळी टोपी घालून चौकात गरजणारा हुकूमशहा व्हायची. "तुमची भाकरी कोणी पळवली?" असं विचारून एकावर बोट रोखायची आणि म्हणायची, "यांनीच!" शेवटच्या मिनिटाला टोपी काढायची आणि त्याच चौकात टाळ्या वाजवणारी एक साधी बाई व्हायची. ती बाई मग पुढे काय झालं ते सांगायची. माझं सगळं उत्तर त्या एका मिनिटात होतं. पाच मिनिटांनी शेवटची घंटा व्हायची आणि त्यानंतर एक शब्दही चालत नसे. प्रयोगशाळेत मोबाइलवर वेळ लावून तालमी घेतल्या, भाषण वेळेत बसत होतं. रिकाम्या खोलीत टाळ्या नसतात, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षात यायला हवं होतं.

स्पर्धेच्या दिवशी ती उभी राहिली आणि मी तिला ओळखलंच नाही. दबकून चालणारी मुलगी ताठ झाली होती. तिसऱ्या रांगेत दुसऱ्या शाळेची एक चष्मेवाली, दोन वेण्यांची मुलगी बसली होती. तिच्यावर बोट रोखून ही म्हणाली, "यांनीच!" मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "यांनीच!" मग अख्खं सभागृह. टाळ्या आल्या की थांबायचं, हेही मीच शिकवलं होतं, ती थांबली. बाकं वाजायला लागली. आधी सगळे हसत ओरडत होते, मग हसणं कधी गेलं ते कळलं नाही. माझाही पाय ठेका धरत होता. वेळ संपत आल्याची घंटा त्या गोंधळात बुडाली. सगळे शांत झाले, तिचा हात टोपीकडे गेला आणि शेवटची घंटा झाली. टोपी डोक्यावर तशीच ठेवून ती नमस्कार करून खाली आली.

पहिलं बक्षीस आम्हालाच मिळालं. "काय जरब आहे पोरीची!" परीक्षक म्हणाले. आम्ही ऑटोत बसायच्या आत शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिचा व्हिडिओ आला होता. तो "यांनीच! यांनीच!" वरच संपत होता.

"मॅडम, माहं शेवटचं राहिलं," ती ऑटोत म्हणाली.

"पहिला नंबर आला ना वं. आता काहून तोंड पाडून बसली?"

"लोकायले वाटलं असन का तेवढंच माहं भाषण होतं." मग ती म्हणाली, "त्या चष्मेवाल्या पोरीले तिच्याच शाळेतल्या पोरी 'यांनीच, यांनीच' म्हणून चिडवून राहिल्या होत्या. नळापाशी रडून राहिली होती ते. मी सॉरी म्हटलं तर पळून गेली."

"खेळातलं होतं ते. विसरेल दोन दिवसांत," मी म्हणाले. ढाल माझ्या मांडीवर होती. ती कपाटात कुठे मावेल याचा मी विचार करत होते, हे आज लिहिताना लाज वाटते.

सोमवारी प्रार्थनेनंतर तिनं सगळ्या शाळेसमोर भाषण करावं, असं मुख्याध्यापकांनी ठरवलं. शनिवारी ती शिक्षकांच्या खोलीत आली. "मॅडम, बोट कोणावर रोखू?"

मी वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "कोणावरही रोख. नेम तेवढा आधी ठरव."

"बरं," ती म्हणाली.

सोमवारी मैदानावर सगळी शाळा होती. आम्ही शिक्षक मंचावर खुर्च्यांवर बसलो होतो. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेला, त्यामुळे मुलं त्या जागेची वाटच पाहत होती. "तुमची भाकरी कोणी पळवली?" तिनं विचारलं, आणि मैदानाकडे पाठ करून तिनं बोट माझ्यावर रोखलं.

"यांनीच!"

सगळं मैदान ओरडायला लागलं. मी हसले. शेजारच्या बाईंनी गमतीनं आपली खुर्ची वीतभर बाजूला सरकवली. समोर मी शिकवलेली मुलं होती, मला नावानिशी माहीत असलेली, आणि ती जिवाच्या आकांतानं ओरडत होती. वाक्य माझं, युक्ती माझी, सगळं नाटक आहे हे मला माहीत. तरी मी घाबरले होते. आणि त्या वेळी मनात आलं ते हे, की हिनं बोट जरासं डावीकडे सरकवावं, त्या शेजारच्या बाईंवर.

इथे घंटा नव्हती. शेवटचं पोर गप्प होईपर्यंत ती थांबली. मग तिनं टोपी काढली. तो परिच्छेद मी शुद्ध भाषेत लिहून दिला होता. ती तिच्या भाषेत बोलली.

"मी काही तो नेता नाही. मी त्या चौकात टाळ्या वाजवणारी बाई हाय. ज्याच्यावर बोट होतं, तो माहा शेजारी होता. त्याले नेलं, तरी भाकर काही मले भेटली नाही. मंग माह्या पोराले गणवेश भेटला. तो गणवेश घालून गेला, आन् वापस आला नाही."

कोणी हसलं नाही. टाळ्याही वाजल्या नाहीत. मुलं रांगेनं वर्गात गेली.

ती माझ्या खुर्चीपाशी आली. "मॅडम, लागलं काय?"

"लागलं."

"तिलेही असंच लागलं असन."

त्याच आठवड्यात शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी त्या दुसऱ्या शाळेत गेलो. चष्मेवाली मुलगी तिच्या बाईंबरोबर फाटकाशी आली. या वेळी काय बोलायचं, ते मी कोणाला लिहून दिलं नव्हतं. आधी मी बोलले.