परबमावशींची जेवणारी माणसं

परबमावशींची वेबसाइट कंपनीच्या चुकीने गेली, असं मी सगळ्यांना सांगितलं. ती मी घालवली. हे आजवर बायकोलासुद्धा बोललेलो नाही.

मावशी नाहूरला आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. मूळच्या मालवणकडच्या, तरुणपणी गिरणगावात खानावळ चालवलेली. त्यांना तिथल्या माणसांबद्दल लिहायचं होतं, एका लेखात एक जेवणारा. कोण बांगडा काट्यासकट चघळायचा, कोण आपली माशाची तुकडी गुपचूप शेजारच्याच्या ताटात सरकवायचा.

"तू कम्प्युटरवालो, माका ब्लॉग करून दी," म्हणाल्या. मी ऑफिसात हिशेब बघणारा, मला कुठे काय येत होतं? व्हिडिओ बघत शिकलो; मावशी शेजारी स्टूल घेऊन बसायच्या. वरच्या पट्टीला त्यांना सोलकढीचा रंग हवा होता. मी एक गुलाबी दाखवला. "ह्यो तर औषधाचो रंग. ह्येच्यात नारळ खंय असा?" मी बटणापाशी थबकलो की ठरलेलं वाक्य यायचं, "हात लाव रे मेल्या, चावाचा नाय ता."

लिहायच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर. मी थेट साइटवर टाइप करून लेख चढवला, की त्याच पानात सुके बांगडे बांधून मोकळ्या. "मावशी, ठेवा ना कागद!" "एकदा लोकांका वाढला, मगे टोपात ठेवन काय करू?"

एका लेखाखाली साकीनाक्याच्या एका वर्कशॉपवाल्याने लिहिलं, 'हे माझे वडील. आमच्याकडे त्यांचा फोटोही नाही. ते हसताना तोंडावर हात धरायचे, हे मला आज कळलं.' मावशींनी ते मला पुन्हा पुन्हा वाचायला लावलं.

एका रविवारी दुपारी मावशी झोपल्या होत्या. प्रत्येक लेखाचं चित्र ताटासारखं गोल दिसावं, म्हणजे त्या उठल्यावर खूश होतील, म्हणून मी कुठूनतरी कोड उचलून साइटच्या मुख्य फाइलमध्ये चिकटवला. पान पांढरं झालं. कुठलंही पान उघडा, पांढरंच. साइट नव्याने बसवायचं एक बटण दिसलं. 'जुनं सगळं पुसलं जाईल' असं काहीतरी त्याने विचारलं. खालून मावशींच्या दाराची कडी वाजली आणि मी हो दाबलं. साइट आली. स्वच्छ, कोरी, नमुन्याचा एकच लेख असलेली.

"कंपनीचा सर्व्हर जळला, मावशी."

त्यांनी विचारलं, "कोणाक लागला नाय मां?"

तेव्हाच बोलायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांची नात तन्वी वर आली. वांद्र्याला कम्प्युटरच्या कंपनीत आहे ती. "काका, लॉगिन द्या ना. ह्या लोकांकडे काही दिवस जुनी कॉपी असते. एक मेल टाकला की येईल परत. जळलं काय, पुसलं कोणी, सगळं दिसतं त्यात."

पुसलं कोणी, एवढंच मला ऐकू आलं. "ऑफिसात आहे पासवर्ड, उद्या देतो," म्हणालो. ती जिना उतरली आणि मी खातंच कायमचं बंद करून टाकलं. त्याबरोबर ती कॉपीही जाणार, हे समोर लिहिलेलं होतं. वाचून दाबलं. पहिलं बटण घाबरून दाबलं म्हणता येईल. दुसऱ्याला तसं म्हणता येत नाही.

तन्वीला सांगितलं, "त्यांनीच बंद केलं गं." तिने मान हलवली. त्यानंतर जिन्यात तिची चप्पल वाजली की मी दार लोटून घ्यायचो.

मावशी पुन्हा लिहायला बसल्या. पण माणसं आता एकमेकांत मिसळायला लागली होती. एकदा विचारलं, "झिला, तोंडावर हात धरून हसायचो तो कोण रे? तू टाइप केलंस मां?" मला नाव आठवेना. त्याच्या मुलाला मेल करून विचारता आलं असतं, पण मग साइटचंही सांगावं लागलं असतं. त्या पेन्सिल हातात धरून कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, कळलं यांना. तर म्हणाल्या, "घाबारतंस कित्याक? गावतला नाव."

सापडलं नाही. पुढच्या थंडीत मावशी गेल्या.

साइटवर संपर्काला माझाच मेल दिला होता; त्यावर त्या वर्कशॉपवाल्याचे मेल अजून येतात. 'साइट कधी सुरू होईल? मुलीला आजोबा दाखवायचे आहेत.' मी उत्तर दिलेलं नाही. त्याला आणि तन्वीला माझ्याकडून एक वाक्य यायचं बाकी आहे: सर्व्हर जळला नव्हता, मी पुसलं.