वोलगेबोरेन, म्हणजे मी

मी एका जर्मन शब्दाची फोड केली आणि भर वर्गात स्वतःला कुलीन म्हणवून घेतलं.

वर्ग म्हणजे महाल या वस्तीतल्या एका प्रोफेसरांच्या घरची बैठक. ते जर्मनीहून शिकून आलेले. रसायनशास्त्राची चांगली पुस्तकं जर्मनमध्ये, आणि नागपुरात ती भाषा शिकवणारे मला ठाऊक असलेले हे एकटेच. कॉलेजातले बाकीचे सोबती आत सतरंजीवर. मी महाराचा, म्हणून उंबरठ्याबाहेर, चपलांशेजारी. चपला निदान जोडीनं होत्या.

त्या दिवशी शब्द निघाला, 'वोलगेबोरेन'. प्रोफेसर म्हणाले, "वाक्य करा."

'वोल' म्हणजे सुखरूप, 'गेबोरेन' म्हणजे जन्मलेला, एवढं मला येत होतं. माझी माय दाई. महालातली किती पोरं पहिल्यांदा तिच्या हातात रडली. मग घरचे लोक तिनं शिवलेला कोपरान्‌कोपरा धुऊन काढत. दाईचा पोरगा दुसरा काय अर्थ लावणार? मी बाहेरूनच ओरडलो, "इश बिन वोलगेबोरेन!"

आत हशा. एक तर सतरंजीवर लोळला.

"अरे, वोलगेबोरेन म्हणजे कुलीन," प्रोफेसर डोळे पुसत म्हणाले. "पाकिटावर थोरांच्या नावाआधी लिहितात. आपलं राजमान्य राजश्री, तसं. तिकडेही आता फारसं कोणी लिहीत नाही. स्वतःला तर कोणीच लावत नाही. आणि तू? म्हण, इश बिन निश्ट वोलगेबोरेन. मग पुढचा धडा."

मी कुलीन नाही. व्याकरण शुद्ध.

तिकडे मरायला टेकलेला शब्द या माणसानं बोटीतून जपून आणला होता. समुद्र ओलांडून आणलं काय? उंबरठा.

खोटं कशाला सांगू, वाक्य जिभेवर आलं होतं. भाषा मला हवी होती. पण आत सगळे कान टवकारून बसलेले. फुकटचा तमाशा.

"नाही म्हणत," मी म्हटलं.

"मग उद्यापासून येऊ नकोस."

"उद्या कायले? आताच चाललो."

घरी येऊन मायला सगळं सांगितलं. वर ऐटीत म्हटलं, "जर्मन मी कोश घेऊन माझ्या मनानं शिकीन. कोणाच्या उंबरठ्यापाशी बसणार नाही. आणि पहिलं वाक्य तेच लिहीन, मी सुखरूप जन्मलो!"

मायनं तांदूळ निवडता निवडता वर पाहिलं.

"कायचा सुखरूप गा? तू तं पायाळू. पाय पहिले, डोकं मांगून. मले मारूनच टाकत होता. तवाही उलटा, आताही उलटाच!"