ब्रेकचा दांडा एकाच बाजूला

मालगाडीच्या डब्यांना खिडक्या होत्या. एकेका डब्याला चार, आणि प्रत्येक खिडकीत पिवळ्या रंगाने काढलेला पडदा. काचेच्या पेटीतली ती खेळण्याएवढी गाडी बघून मला खरोखर मळमळायला लागलं.

"कसं वाटलं सर? खास ऑर्डर देऊन बनवून आणलं," हॉटेलचा मालक म्हणाला. तो माझा जुना विद्यार्थी. पांढुर्णा-सौंसर रस्त्यावर, जामसावळीच्या हनुमानाला जाणारे भक्त चहा-नाश्त्याला थांबतील अशा जागी त्याने मोठं हॉटेल बांधायला घेतलं होतं. आत सगळी सजावट आपल्या जुन्या छोट्या रेल्वेची, अशी त्याची कल्पना होती.

"अरे, ही मालगाडी आहे ना?"

"हो सर. आपली छोटी लाइन."

"मग खिडक्या कोणासाठी? तुरीची पोती काय बाहेर बघत जायची?"

तो खो खो हसला. शाळेतही तो असाच हसायचा, चित्रकलेच्या वहीत घोड्याला पाच पाय काढून.

मी सौंसरच्या शाळेत चित्रकला शिकवत निवृत्त झालो. त्यानंतर जो वेळ हाती आला तो सगळा मी मालडब्यांत घातला. अडीच फुटी रुळांवरून वाफेच्या इंजिनामागे जे डबे लोधीखेडा, सौंसर, रामाकोना असे छिंदवाड्याकडे चढत जायचे, त्यांच्या लहान प्रतिकृती. एका फुटाला अर्धा इंच. ती लाइन आता नाही. तिच्या जागी मोठी लाइन आली. इंजिनाचे फोटो पुष्कळ मिळतात, कारण इंजिनासमोर उभं राहून माणसं फोटो काढून घ्यायची. डब्याचा फोटो कोण काढणार? आमचं घर स्टेशनच्या मागे होतं. मी लहानपणी तासन् तास ते डबे बघितले आहेत. खडूने लिहिलेले आकडे, दाराखाली सांडलेली सरकी, तेलाचे ओघळ. मला तेच पाहिजे होतं, जसंच्या तसं.

पण आठवणीवरून माप निघत नाही. मापासाठी खरा डबा पाहिजे, आणि तो मला रामाकोन्याजवळच्या एका संत्र्याच्या बगिच्यात मिळाला. शेतकऱ्याच्या वडिलांनी तो भंगारातून उचलून आणला होता. चाकं नव्हती. दगडांवर ठेवून त्यात खत, फवारणीचे पंप आणि संत्र्याचे रिकामे क्रेट भरले होते. मी पहिल्यांदा त्याचं दार सरकवलं तेव्हा आतून जो वास आला तो आजही नाकातून जात नाही. कीटकनाशक, उंदरांचं मूत, सडलेली संत्री, आणि त्या सगळ्यावर वटवाघळांच्या लेंड्यांचा आंबूस दर्प. मी रुमाल बांधून आत शिरलो. छताची फळी मोजताना वरून काहीतरी ओलं मानेवर पडलं. ते काय होतं हे मी बघितलं नाही.

"मास्तर," शेतकरी बाहेरून ओरडला, "डब्यात सोनं गवसून राह्यलं का तुम्हाले?"

"माप घेऊन राहिलो."

"कायचं माप?"

"रिबिटांचं. हे गोल डोक्याचे खिळे दिसतात ना, पत्रे जोडणारे. दोन खिळ्यांमधलं अंतर."

तो म्हणाला, "घरी सांगून आले ना?"

मी तिथे किती रविवार घालवले याचा हिशोब नाही. तेलाच्या पिप्याचा पत्रा कापून त्यावर मागून बोथट सुईने एकेक रिबीट उठवायचं, असं माझं काम. एक चुकलं की पत्रा फेकून द्यायचा. बायको म्हणायची, "शाळेतली पोरं सुटली म्हणून आता पत्र्याले छळून राहिले." तिचं खरं होतं. मला चूक सहन होत नाही. दुसऱ्याची तर अजिबातच नाही.

तर त्या खिडक्या बघून मी मालकाला म्हणालो, हे काढून टाक, मी तुला चार डबे करून देतो. पैसे नको. एकच अट, मी देईन तसे ठेवायचे.

"सर, तुमचे पाय धरतो," तो म्हणाला, आणि खरंच वाकला.

आठ महिने लागले. चाकं पांढुर्ण्याच्या एका लेथवाल्याकडून करून घेतली. रंगासाठी मी गेरूत काजळी घालून बघितली, मग तांबड्या रंगात कोळशाची भुकटी, शेवटी दोन्ही. दाराच्या कड्या फिरायच्या. ब्रेक लावायचा लांब दांडा खाली-वर व्हायचा. तो दांडा मी डब्याच्या दोन्ही बाजूंना लावला होता. उद्घाटनाच्या आठवडाभर आधी मी ते डबे कापसात गुंडाळून नेऊन दिले, आणि कोणी विचारलं की म्हणायचो, यातलं एकूण एक रिबीट मोजलेलं आहे.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी हॉटेलात शिरलो. दारात झेंडूचे हार, आत स्पीकरवर भजन, तळणाचा धूर. पेटीभोवती गर्दी होती. मी वाट काढत पुढे गेलो.

माझे डबे सोनेरी झाले होते.

वरून स्प्रेने रंग मारला होता. रिबिटं त्या जाड थराखाली बुजून गेली होती. दारं उघडी ठेवून चिकटवून टाकली होती आणि त्यांतून प्लास्टिकची संत्री ओसंडत होती, हिरव्या पानांसकट, एकेक संत्रं इतकं मोठं की त्या मापाच्या माणसाच्या डोक्याएवढं झालं असतं. माझी सवा इंची रुळांसाठी केलेली चाकं पेटीतल्या रुळांवर बसेनात, म्हणून ती काढून खेळण्यातली काळी प्लास्टिकची चाकं खाली ठोकली होती. डबे बदकासारखे फताडे उभे होते. चौथ्यावर गणपतीचं स्टिकर होतं. आणि लोक मोबाइल वर करून फोटो काढत होते.

मालक मिठाईचं ताट घेऊन आला. "सर, पाहा, कसे चमकून राहिले!"

"हे कोणी केलं?"

"पब्लिकले थोडं रंगीत लागते सर. तुमचा रंग थोडा... गंजल्यावानी दिसत होता."

"तो गंजच होता! गंज करायला मला महिना लागला!"

आजूबाजूची माणसं वळून बघू लागली. तो ताट पुढे करत राहिला. मी पेटीचं झाकण उचललं, एक डबा बाहेर काढला आणि नखाने सोनेरी खपली काढायला लागलो. मला त्याची, त्या हॉटेलची, त्या फोटो काढणाऱ्यांची, सगळ्यांची शिसारी आली होती. काय काय बोललो ते पूर्ण आठवत नाही. एवढं आठवतं की मी त्याला "शेणात सोनं मळणारा" म्हणालो, आणि त्याचा चेहरा उतरला.

पेटीजवळच्या खुर्चीवर एक म्हातारा बसला होता. अंगावर नवी शाल, मांडीवर नारळ. जुन्या छोट्या लाइनवर काम केलेला माणूस म्हणून मालकाने त्याचा सत्कार केला होता. लोधीखेड्याचा, रेल्वेत खलाशी, म्हणजे डबे जोडणारा-सोडणारा कामगार, म्हणून निवृत्त झालेला. त्याने हात पुढे केला.

"मास्तर, हे तुम्ही केलं?"

"हो काका. पण हा रंग माझा नाही. ही चाकं माझी नाहीत."

"रंगाचं सोडा." त्याने डबा घेतला, उलटा केला, सुलटा केला. मग बोट ठेवलं. "हा दांडा इकडं बी काऊन लावला?"

"दोन्ही बाजूंना होता ना."

"कोण सांगतलं?"

कोणीच सांगितलं नव्हतं. बगिच्यातला तो डबा एका बाजूने विहिरीच्या पंपघराच्या भिंतीला टेकलेला होता. मधल्या चार बोटांच्या फटीत काय काय घाण भरलेली होती. त्या फटीत हात घालायची मला किळस आली, म्हणून मी पुढची बाजू मोजली आणि मागची बाजू तिच्यावरून उतरवून काढली. एकूण एक रिबीट मोजलंय असं म्हणत हिंडलो, आणि अर्धी रिबिटं मी बघितलीही नव्हती.

"या डब्यायले एकाच बाजूनं होता," म्हातारा म्हणाला. त्याने उजव्या पायातली चप्पल काढली. पायाची शेवटची दोन बोटं नव्हती. "शंटिंग चालू होती, डबे इकडचे तिकडं लावून राह्यलो होतो. पाणी पडून राह्यलं होतं. डबा आपसूक घरंगळाले लागला. मी या बाजूनं, दांडा त्या बाजूनं. दोन डब्यायच्या मधातून घुसलो अन् पाय सरकला. इकडं दांडा असता तं मी मधात कायले घुसलो असतो?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या पोराचं गणित तपासून द्यावं तसा तो बोलला आणि डबा माझ्या हातात परत ठेवला. आता त्या सोनेरी डब्याकडे बघवेना. मालकाने वरून रंग फासला होता. मी मात्र नसलेला दांडा लावून या माणसाची दोन बोटं परत चिकटवून दिली होती, आणि त्याला अचूक म्हणत होतो. मी न जेवता घरी आलो.

दुसऱ्या दिवशी मालक स्वतःच चारही डबे खोक्यात घालून घेऊन आला. सोबत बर्फीचा डबा. "सर, नाराज नका होऊ," एवढंच म्हणाला. मी त्याला बस म्हटलं नाही. बर्फी बायकोने खाल्ली. चांगली होती म्हणाली. मी थिनरने सोनं उतरवायला बसलो. एका डब्याचा पत्रा खपल्यांबरोबर फाटलाच. उरलेल्या तिन्हींवरचा माझा रंगही निघून गेला.

त्या रविवारी रामाकोन्याला गेलो. शेतकऱ्याला म्हणालो, मागची बाजू बघायची आहे.

"भिंत पाडाची काय आता?"

"नाही. फट साफ करू दे."

त्याने फावडं दिलं, पण फावडं आत जाईना. मग हातानेच. आधी औषधाच्या रिकाम्या बाटल्या निघाल्या, मग चिंध्यांचं उंदराचं घरटं, त्यात आंधळी गुलाबी पिलं. मग सापाची कात. खाली सडून काळी झालेली संत्री होती, त्यांत बोट गेलं की अळ्या वळवळत वर यायच्या. दोनदा मी बाजूला जाऊन ओकलो. शेतकरी लांब उभा राहून बघत होता. दुसऱ्या वेळेला त्याने पाण्याची बाटली आणून दिली. फट मोकळी झाल्यावर मी काठीला मोबाइल बांधला, टॉर्च लावला आणि आत सरकवला.

दांडा नव्हता. दांडा बसवायची पट्टी नव्हती, तिची भोकंही नव्हती. आणि दाराच्या उजवीकडे एक मोठं ठिगळ होतं. कधीतरी पत्रा फुटला असेल, त्यावर दुसरा ठोकलेला. त्याची रिबिटं जाड, वेडीवाकडी, कोणीतरी घाईत मारलेली. माझ्या प्रतिकृतीत त्या जागी सरळ, सुबक, समान अंतरावरच्या रिबिटांच्या दोन ओळी होत्या. मला त्या सुबक ओळींचाच सगळ्यात जास्त तिटकारा आला.

तीन डब्यांच्या मागच्या बाजू मी काढून फेकल्या आणि नव्याने केल्या. दोन साध्या, एक त्या ठिगळासकट. ठिगळ सर्वांत अवघड गेलं. मुद्दाम वाकडं मारलेलं वाकडं दिसत नाही. मधे मालकाचा फोन आला. नवीन गाडी आली होती, आता दिवेही लागत होते, बघायला या म्हणाला. मी म्हटलं, माझं पोट बरं नाही. ते खोटं नव्हतं.

ठिगळाचा डबा घेऊन मी लोधीखेड्याला गेलो. म्हातारा ओट्यावर गहू निवडत होता. मी डबा त्याच्यासमोर ठेवला. त्याने हात धोतराला पुसले, डबा उचलला, दांड्याची बाजू बघितली, मग फिरवून बिनदांड्याची. ठिगळावरून अंगठा फिरवला. दांडा नखाने खाली दाबला.

"हां," तो म्हणाला. "असाच."

"काका, हा तुमच्यासाठी आणलाय. ठेवा."

त्याने माझ्याकडे बघितलं. "मी कुठं ठेवू?"

"घरात. फळीवर."

"नाई मास्तर." त्याने डबा दोन्ही हातांनी माझ्या मांडीवर परत ठेवला. "बढिया केला. पण सारी जिंदगी हेच पायलं. याचं तेल, याची घाण, याचा पावसातला वास. आता हे रोज डोळ्यासमोर नाई पाहिजे मले. तुम्ही न्या."

त्याने सुनेला चहा करायला सांगितला, आणि चहा होईपर्यंत आम्ही या वर्षी संत्र्याला बहर कसा आहे यावर बोलत बसलो. मग मी डबा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि सौंसरच्या बसला जाऊन उभा राहिलो.