पिनेला बांधलेला धागा

मी आग विझवायला शिकवतो, आणि माझ्या आठवणीत आमच्या घरात एकच आग लागली, ती मी लावली.

बुलडाण्याला एका प्रशिक्षण संस्थेत मी फायर इन्स्ट्रक्टर आहे. राहतो धाड गावात, रोज एसटीनं जाऊन-येऊन करतो. आग कशी लागते, कशी पसरते, कोणती आग कशानं विझवायची, हे पोरांना शिकवतो. यावर कोणाला नोकरी मिळू शकते हे आमच्या गावाला अजून पटलेलं नाही. कटिंगच्या दुकानात गळ्यावर वस्तरा ठेवून मला विचारलेलं आहे, "गजूभाऊ, आग विझवायले शिका काऊन लागते? पाणी टाकलं की झालं!" गळ्यावर वस्तरा असल्यामुळे मी वाद घातला नाही. (पुढं जे झालं ते पाहता त्या माणसाची आणि माझी पातळी सारखीच निघाली, पण ते ओघानं येईलच.)

तर झालं असं, की माझ्या मायनं वरण जाळलं.

माय पंचाहत्तरीची. कुकरच्या शिट्टीवर तिचा विश्वास नाही, तुरीची डाळ ती पातेल्यातच शिजवते. त्या दिवशी डाळ गॅसवर ठेवून ती मागच्या वाफ्यातून सांबार आणायला गेली. (सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याच्या पाहुण्याला आमच्याकडे 'सांबार आणा' म्हटलं तर तो डबा घेऊन हॉटेलात जाईल!) वाफ्यात तिला गवत दिसलं. गवत दिसल्यावर ती खाली बसली, आणि खाली बसल्यावर डाळ विसरली. मी संध्याकाळी घरी आलो तर घरभर जळका वास, आणि माय शांतपणे लसूण सोलत बसलेली.

"माय, काय जळलं?"

"कुठं काय?"

"वास येऊन राह्यला ना."

"शेवंताच्या घरून येत असंल."

शेवंतामावशी म्हणजे आमची भिंतीपलीकडची शेजारीण. तिचा आवाज त्याच क्षणी भिंतीवरून आला, "वास तुमच्याच घरचा आहे बरं!"

पातेलं मला दुसऱ्या दिवशी सापडलं. पाण्याच्या टाकीमागं, पोत्याखाली, काळं ठिक्कर. मायनं ते लपवलं होतं. महिनाभरात दोनदा दूध आटून गेलं होतं ते वेगळंच. आगीची भीती वाटली, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं. या बाईनं आयुष्यात काही लपवलेलं नाही. (माझे दहावीचे मार्क तिनं गावभर सांगितले, आणि ते मार्क लपवण्यासारखे होते.) ती आता विसरायला लागली, आणि विसरलेलं लपवायलाही लागली, याची मला भीती वाटली. भीती वाटली की साधा माणूस रडतो. इन्स्ट्रक्टर नियम करतो.

"उद्यापासून तू गॅसजवळ जायचं नाही," मी मायला म्हणालो.

"म्हंजे?"

"म्हंजे सैपाक सुनंदा करन."

सुनंदा माझी बायको. ती अंगणवाडी सेविका आहे. सकाळी दोन्ही वेळचा स्वयंपाक करून ती दहाला निघायची, आणि निघताना सिलेंडरचं रेग्युलेटर काढून कपाटात कुलपात ठेवायची. हाही माझाच नियम.

माय उठून अंगणात गेली आणि भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं बोलायला लागली. (भिंतीपलीकडे शेवंतामावशी असतेच.) "साठ वर्स होत आले मले या घरात येऊन! चूल फुकू फुकू डोये गेले माहे! अन् हा मले आगीचं भेव दाखवते! काल याच्या नाकाचा शेंबूड म्या पुसला!"

"काल नाही माय, पन्नास वर्षं झाली त्याले."

"हाव, तवाही तू असाच शहाणा होता."

एवढं बोलून तिनं बोलणंच बंद केलं. भाजी निवडायला दिली तर निवडून द्यायची, पण तोंडातून शब्द नाही. दुपारी थंड भाकर खाते की कुत्र्याला टाकते, ते कळेना. चहाला शेवंतामावशीकडे जायला लागली. स्वतःच्या घरात चूल असलेली बाई चहाला दुसऱ्याच्या दारात जाते, हे पाहून माझा जीव खालीवर होई. पण नियम मोडायचा कसा? नियम माझाच होता ना!

आठव्या दिवशी सुनंदा म्हणाली, "आत्याबाईच्या हातचं काम काढून घेतलं तुम्ही. त्या बसल्या जागी खंगून जातीन. काहीतरी करा."

मला आयुष्यात एकच गोष्ट करता येते. मी क्लास ठेवला.

रविवारी सकाळी, आमच्या अंगणात, तेलाच्या आगीचं प्रात्यक्षिक! गल्लीतल्या सगळ्या बायांना बोलावलं. बेत असा, की तेल कसं पेटतं ते माय समोर बसून पाहील, घाबरेल, आणि आपणहून म्हणेल, 'गजू, तुह्यं बरोबर आहे.' माय आली. पण येताना अट घेऊन आली.

"तुह्यं पाहून मले पटलं, तर मी जलमभर गॅसले हात लावत नाही. नाही पटलं, तर आजपासून सैपाक मी करतो." (आमच्याकडे बायाही 'मी करतो'च म्हणतात, बाहेरच्यांनी घोटाळा करून घेऊ नये.) "कबूल?"

"कबूल!" मी सगळ्या गल्लीदेखत म्हणालो. तिचा आवाज जरासा कापला होता. माझ्या ते लक्षात आलं, पण मी गणवेशाची बटणं लावत होतो.

हो, गणवेश! सुनंदा म्हणालीच, "घरच्या अंगणात कायले?" मी म्हणालो, "शिस्त." अंगणाच्या मधोमध सिलेंडर जोडलेली गॅसची शेगडी, तिच्यावर कढई, कढईत अर्धा किलो तेल. बाजूला बादलीत ओलं केलेलं पोतं. आणि स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेली आग विझवायची लाल टाकी काढून हाताशी ठेवली. वर उन्हासाठी हिरवी नेट बांधलेली होती. तिच्या अगदी खाली शेगडी मांडणारा शहाणा मीच.

"तापलेलं तेल पेटलं तर सगळ्यात मोठी चूक कोणती?" मी सुरुवात केली. "पाणी टाकणं! पाणी टाकलं की तेल उडते अन् जाळ छपरापर्यंत जाते. मंग काय नाही टाकायचं?"

"पाणी!" बाया एका सुरात म्हणाल्या. माझी छाती फुगली.

"गजू," शेवंतामावशी म्हणाली, "तेल तापूनच राह्यलं, तर दोन भजे काहाडून घेऊ का? बेसन कालवूनच आणलं म्या."

"मावशी, हे तेल पेटवायचं आहे."

"अर्धा किलो? चांगलं तेल? बाप्पा बाप्पा!"

झालं! अंगणात चर्चा पेटली (तेल अजून पेटायचं होतं). पहिले भजी काढावी आणि मग उरलेलं तेल पेटवावं, असा एक पक्ष. आजकालच्या पोरांना कशाचीच किंमत नाही, असा दुसरा. मी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि कढईकडे पाठ करून मुख्य मुद्द्यावर आलो.

"आगीचं पहिलं कारण काय? दुर्लक्ष! माणूस गप्पा मारत बसते, पाठ फिरवते, अन् इकडं तेल..."

"गजू," माय म्हणाली. आठ-दहा दिवसांतला तिचा हा पहिलाच आपणहून काढलेला आवाज, अटीचं बोलणं सोडलं तर.

"माय, मधात नको बोलू. प्रश्न शेवटी."

"अरे, मांगं पाह्य."

"शेवटी, माय, शेवटी!"

भक्क!

मागं वळलो तर कढईतून कमरेएवढा जाळ! बाया किंचाळत भिंतीला चिकटल्या. मी घाबरलो नाही. घाबरायचं कशाला, माझ्याकडे पद्धत होती. पहिली पायरी, ओलं पोतं. बादलीत हात घातला. नुसतं पाणी!

"पोतं कुठं गेलं?"

"ते होय?" शेवंतामावशी म्हणाली. "वल्लंगच्च होतं बिचारं. म्या पिळून भिंतीवर वाळू घातलं!" असं म्हणून ती शाबासकीची वाट पाहत उभी राहिली.

दुसरी पायरी, लाल टाकी. पिन ओढा, नेम धरा, दाबा, हे मी झोपेतही शिकवू शकतो. मी पिन ओढली. पिन येईना. जोर लावला. तरी येईना. मग मला दसरा आठवला.

दसऱ्याला आमच्याकडे ज्याचं पोट ज्याच्यावर, त्याची पूजा. शेतकरी विळा-कुदळ पुजतो, जीपवाला जीप पुजतो. मी काय पुजणार? मी त्या लाल टाकीला हळद-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, आपट्याची पानं ठेवली, आणि पूजेचा लाल धागा बांधला. कुठं बांधला? पिनेला! एक वेढा पुरला असता. मी भक्तिभावानं सात वेढे दिले, आणि वर गाठ मारली. मी शेतकऱ्याचा पोरगा, बैल बांधायची गाठ मारलेली. हार सुकला तेव्हा काढला, धागा राहू दिला. देवाचा होता ना!

तर दृश्य असं. समोर जाळ, वर नेट, आणि गणवेशातला इन्स्ट्रक्टर टाकी छातीशी धरून दातानं गाठ सोडतोय!

"अहो, चावून काय राह्यले तिले!" सुनंदा ओरडली.

"सुटून नाही राह्यली!" मी तोंडात धागा ठेवून ओरडलो.

वर नेटची कड आकसायला लागली. उजव्या भुवईला चटका बसला. आणि मग मी जे केलं ते आजही कोणाला सांगताना माझी मान खाली जाते. मी टाकी फेकली आणि पाण्याची बादली उचलली.

बादली खांद्यापर्यंत आली होती. तेवढ्यात कोणीतरी माझं मनगट धरलं. काय ती पकड!

"पाणी नोको!" माय ओरडली. "आत्ताच सांगतलं ना तू!"

तिनं मला बाजूला लोटलं. आधी सिलेंडर बंद केला. मग शेवंतामावशीच्या हातातली बेसनाची परात घेतली, बेसन खाली ओतलं, आणि परात पालथी करून कढईच्या कडेवरून हळूच पुढं सरकवली, जाळ आपल्याकडं न येता पलीकडं जाईल अशा बेतानं. जाळ दबला. संपला.

"आता कोनी उघडू नका. निवू द्या," माय म्हणाली आणि पदरानं हात पुसले.

परात लगेच उघडू नये, हे माझ्या नोट्समध्ये ठळक अक्षरात आहे. मायला वाचता येत नाही.

"तुले हे कसं माहीत?" मी विचारलं.

"तू पाळण्यात होता तवा करंज्या तळताना असंच पेटलं होतं. तवा झाकलं."

"मले कधी सांगतलं नाही!"

"तू इचारलं कधी? तू तर लोकायले शिकवत फिरते."

बाया हसत हसत पांगल्या. (शेवंतामावशी बेसनाचं दुःख करत गेली.) मी ओट्याच्या पायरीवर बसलो. माय शेजारी येऊन बसली. मग मी जे बोललो, ते पातेलं सापडलं त्याच दिवशी बोलायला हवं होतं.

"माय, मले आगीचं भेव नव्हतं वाटत. तू इसरून राह्यली, त्याचं वाटत होतं."

तिनं माझ्या जळक्या भुवईवरून अंगठा फिरवला.

"मलेही वाटते रे," ती म्हणाली. "म्हणून तर भांडं दडवलं. पन हातातलं कामच काहाडून घेतलं, तर मी सारंच इसरून जाईन ना."

मी एवढ्या पोरांना शिकवतो, पण इतकं सरळ मला कोणी समजावून सांगितलेलं नाही. डोळे भरून आले. ते धुरानं आले असं मी सुनंदाला सांगितलं, आणि तिनं ऐकून घेतलं.

त्या संध्याकाळी स्वयंपाक मायनं केला. आता नियम एकच. गॅस सुरू असला की तिच्याजवळ कोणीतरी बसायचं. दुपारी शेवंतामावशी बसते, संध्याकाळी मी. माय कधी कधी विसरते. मीठ दोनदा पडतं, एखाद्या दिवशी मुळीच पडत नाही. आम्ही जेवतो.

सोमवारी एकाच भुवईनं वर्गावर गेलो. एका पोरानं विचारलं, "सर, घरात तेलानं पेट घेतला तर सगळ्यात पहिले काय करायचं?"

मी विचार न करता बोलून गेलो, "मायले आवाज द्यायचा."

पोरं आज्ञाधारक. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. परीक्षेला नेमका तोच प्रश्न आला, आणि अर्ध्या वर्गानं उत्तर लिहिलं, 'प्रथम आईला बोलवावे. नंतर गॅस बंद करावा व झाकण ठेवावे.' लाल पेन घेऊन मी खूप वेळ चूक शोधली. सापडली नाही. पूर्ण मार्क दिले.

एकानं मात्र लिहिलं होतं, 'प्रथम सरांना बोलवावे.' त्याला शून्य दिलं.