वाट विचारून घेणारे शमुवेल मास्तर

शमुवेल मास्तरांच्या साठीनिमित्त पुस्तक निघतंय, त्यात मीही चार ओळी द्याव्यात असं मंडळींनी सांगितलं. मी दुसरी शिकलेली, जन्म मेंढ्यांमागे गेलेला. शोभेचे शब्द माझ्याकडे नाहीत.

मास्तरांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. माझी नात सगुणा केडगावला त्यांच्या वर्गात होती. एकदा घुश्शातच घरी आली. मास्तरांनी ‘वाँडर’ हा इंग्रजी शब्द शिकवला होता. कुठं जायचं ते न ठरवता हिंडणं, असा अर्थ. आणि वाक्य दिलं, धनगर मेंढ्या घेऊन वाँडर करतात. पोरं तिच्याकडे बघून हसली. आता शाळा नको म्हणाली. तशीही दिवाळीनंतर आम्ही मेंढ्या घेऊन निघालो की तिची शाळा तुटणारच होती. पण हसं होऊन तुटू नये, म्हणून मी वर्गातच जाऊन उभी राहिले.

“मास्तर, कुनाच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवायच्या ते आमचं आदल्या सालीच ठरतं. न ठरवता हिंडता तुमी. सारं गाव सांगतं, मीठ आनायला बाजारात जाता अन् गप्पा हानून रिकाम्या हातानं येता.”

दुसऱ्या कोणी मला बाहेर काढलं असतं. मास्तरांनी फळ्यावरचे धनगर पुसले आणि तिथं स्वतःचं नाव लिहिलं. मग म्हणाले, “ठरलेलं असतं ना आजी? मग कोणत्या गावी कधी असता ते सांगा.”

मी राहात्यापर्यंतचे मुक्काम सांगितले. मास्तर एकेका सुट्टीला पायी त्या त्या गावी गेले आणि सगुणाला वर्गात बसू द्या, असं तिथल्या शिक्षकांना सांगून आले. त्या साली तिची शाळा आमच्याबरोबर चालली.

पुढं ते राहात्याला आमच्या तळावर तिची चौकशी करायला आले. वाट चुकून भलतीकडूनच उगवले, धोतर काट्यांनी फाटलेलं. सगुणा म्हणाली, “आजी, ह्याला म्हंत्यात वाँडर.” मास्तरांनी शब्दाचा उपयोग बरोबर असल्याचं कबूल केलं आणि भाकरी मागितली.

सगुणा आता स्वतः मास्तरीण व्हायला शिकतेय.

मी मास्तरांपेक्षा थोरली, म्हणून आशीर्वादच देते. त्यांना खूप आयुष्य मिळो, गुडघे धड राहोत. माघात आम्ही राहात्याला कालव्याकडच्या मळ्यात असू. जेवायला यावं. सगुणाला न्यायला पाठवते, एकट्यानं निघू नये.