हेब्बाळचं तिकीट

माझ्या धाकट्या काकांइतका सुंदर बोलणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही, आणि चारचौघांत त्यांनी एक वाक्य धड पुरं केलेलंही मी ऐकलेलं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. काका अडखळत बोलत. क, प आणि ग ही तीन अक्षरं त्यांची जन्माची वैरी होती. त्यातलं एखादं वाटेत आलं की त्यांचा जबडा अडकायचा, डोळे मिटायचे, उजवा हात मांडीवर आपटायला लागायचा, आणि समोरचा माणूस एकतर घड्याळाकडे बघायचा नाहीतर त्यांच्या तोंडातला शब्द स्वतःच उरकून टाकायचा. शाळेत पोरं त्यांची टोपी काढून घेत आणि नाव सांगितल्याशिवाय परत देत नसत. आजोबांनी हौसेने ठेवलेलं त्यांचं नाव क पासूनच सुरू होत होतं. लहानपणी काका बहुतेक दिवस बोडक्यानेच घरी येत, असं आजी सांगायची.

या तीन अक्षरांना चुकवत जगायचं म्हणून काकांनी सगळा दिनक्रम आडवाटेने आखला होता. दुकानातल्या गोपालला ते वीस वर्षं रामण्णा म्हणत आले आणि तोही बिचारा ओ देत आला. साड्यांच्या पदराला गोंडे बांधणारी बाई गुट्टहळ्ळीला राहायची. आता गुट्टहळ्ळी कोण म्हणणार? काका बसमध्ये चढले की हेब्बाळचं तिकीट मागत. ह ला काय, नुसता श्वास सोडला की झालं. मग अर्ध्या वाटेत गुट्टहळ्ळीला गुपचूप उतरून जात. एकदा एका सज्जन कंडक्टरने त्यांना दारातच धरलं, हेब्बाळ अजून लांब आहे अण्णा, बसा, मी सांगतो म्हणाला. आता त्याला समजावत बसण्यापेक्षा काका मुकाट्याने परत जागेवर बसले, थेट हेब्बाळपर्यंत गेले, तिथल्या तळ्यावरची बदकं पाहिली आणि संध्याकाळी गोंड्यांशिवाय घरी आले. हॉटेलात ते नेहमी चहा मागायचे. गावात घरोघरी, हॉटेलाहॉटेलात कॉफीचा घमघमाट, आणि हा गृहस्थ चहा पितोय. आम्हाला वाटायचं, माणूस चहाबाज आहे. घरी आई न विचारता सकाळी कॉफी द्यायची तेव्हा ते पेल्याचा तळ दिसेपर्यंत का पीत, हा विचार आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात कधी आला नाही.

आमचं साड्यांचं दुकान चिकपेटेत, आणि घर त्याच्याच मागच्या गल्लीत. आमचे पूर्वज इकडे कधी आले ते आम्हालाही नक्की ठाऊक नाही. मराठी घरात उरलं, बाहेर सगळं कन्नड. गादीवर माझे वडील, अप्पा, बसत. काका मागच्या बाजूला, माळ्याखाली, साड्यांच्या घड्या घालत. डोळे मिटून नुसतं बोट फिरवलं की साडी कुठल्या गावची हे त्यांना कळायचं. गिऱ्हाइकाला हे सगळं आपण सांगावं, अशी त्यांची एकच हौस होती. कधीमधी ते घडी टाकून पुढे येत आणि एखाद्या बाईला त्या पदराची गोष्ट सांगायला लागत. की अप्पा हात वर करून म्हणायचे, "स्वल्प थांबा हं, आमच्या बंधूंची गाडी स्टेशनातून निघालीय, पोचेल." मग ते काकांची हुबेहूब नक्कल करत, मांडीवर हात आपटण्यासकट. गिऱ्हाईक हसे, नोकर हसत, आणि खरं सांगायचं तर काकाही हसत आणि मागे जाऊन पुन्हा घडी घालायला घेत. अप्पा दुष्ट नव्हते. त्यांनी काकांना तीन डॉक्टर दाखवले होते, दोन नवस केले होते. माझ्या आईला ते म्हणत की मी आधी हसवलं नाही तर लोक त्याला मनापासून हसतील. आईला हे पटत नसे. मलाही पटत नव्हतं, पण हसू यायचं.

मी बारा-तेरा वर्षांचा असताना काकांच्या आयुष्यात जपान आला. बोम्मसंद्र्याच्या कुठल्याशा कारखान्यात यंत्रं बसवायला एक जपानी इंजिनियर आला होता. तो परत जाताना आपल्या मुलांच्या अकरा व्हिडिओ कॅसेटी टाकून गेला, आणि त्या फिरत फिरत आमच्या गल्लीतल्या व्हिडिओ लायब्ररीत आल्या. सगळी जपानी कार्टूनं. खाली एक अक्षर इंग्रजी नाही. कुणी भाड्याने नेईना म्हणून लायब्ररीवाल्याने त्या काकांच्या गळ्यात मारल्या. आमच्या व्हीसीआरला त्यांचं तंत्र मानवत नसे, त्यामुळे चित्र दिसायचं पण नुसतं काळंपांढरं. काकांचं काहीच अडलं नाही. रविवारी दुपारी दुकान बंद असलं की गल्लीतली आम्ही सात-आठ पोरं टीव्हीसमोर बसायचो, काका आवाज बारीक करायचे आणि गोष्ट स्वतः सांगायचे. हा अंगरखा मोरपंखी, त्याला डाळिंबी काठ. दानवाचा झगा जांभळा, पण हलक्या प्रतीचा, धुतला की रंग जाणार. गोष्ट साधी होती, निदान काकांची तरी. एक किडकिडीत मुलगा, शाळेत रोज मार खाणारा. पण आभाळात एक ठरावीक तारा उगवला की तो ताडमाड वाढायचा, अंगावर चिलखत यायचं, आणि ज्यांनी छळलं त्यांच्यासमोर तो जाऊन उभा राहायचा.

आणि इथे तो चमत्कार व्हायचा. तो मुलगा मूठ आवळून ओरडायला लागला की काका त्याच्या आवाजात बोलायचे, आणि अजिबात अडखळायचे नाहीत. "ऐकून ठेव पाप्या, मी कोण आहे ते! ही पाहा माझी गगनगिरिपाताळभेदी कालमुष्टी!" क, प, ग सगळे हात जोडून वाट सोडत. तो मुलगा त्या ठोशाआधी दोन-दोन मिनिटं भाषण करायचा, आणि काका त्यात लहानपणीच्या टोपीपासून सगळं सांगून घ्यायचे. आवाज कसा, तर खणखणीत. दारावरून जाणारी माणसं क्षणभर थांबून ऐकत. कॅसेट संपली की काका पाणी मागायचे, आणि पाणी मागतानाच प ला अडकायचे. मी धावत जाऊन तांब्या आणायचो.

एकदा मी विचारलं की हा एवढा वेळ बोलतो, तोवर तो दानव त्याला मारत का नाही. काकांनी कॅसेट थांबवली. त्यांच्या स्वतःच्या आवाजात उत्तर द्यायला त्यांना बराच वेळ लागला आणि मधले दोन शब्द मीच पुरवले. "तिकडची रीतच आहे ती," ते म्हणाले. "समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत हात उचलायचा नाही. मला ती मूठ नको रे. ते थांबणं हवंय."

मी चौदा वर्षांचा झालो तेव्हा काकांना एक स्थळ आलं. काका अडतीस वर्षांचे होते, आणि हे पहिलंच स्थळ नव्हतं, पण शेवटचं असणार हे घरात सगळ्यांना कळत होतं. मुलगी शाळेत शिक्षिका, वय चौतीस, माणसं मूळची निपाणीकडची आणि राहायला चक्क हेब्बाळला. काकांना हा शकुन वाटला. त्या दिवशी त्यांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला, आम्हा चौघांची हेब्बाळची तिकिटं काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा ते हेब्बाळला उतरायचं म्हणून उतरले.

उप्पिट्टु झालं, केसरीभात झाला. मग त्या बाई स्वतः ट्रे घेऊन आल्या. सावळ्या, उंच, चष्मा लावलेल्या. ट्रेमध्ये दोन्ही होतं. काकांसमोर उभं राहून त्यांनी विचारलं, "तुम्ही काय घेणार? चहा काय कॉफी?"

काकांना चहा म्हणता येत होतं. अर्धं आयुष्य ते तेच म्हणत आले होते. पण त्यांनी डोळे मिटले, जबडा अडकला आणि उजवा हात मांडीवर आपटायला लागला. मला कळेना की काका काय करतायत. त्या बाई ट्रे धरून उभ्या होत्या. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, खालीही पाहिलं नाही. काकांच्या तोंडाकडे बघत त्या शांतपणे थांबल्या होत्या, शाळेत एखाद्या मुलाला आठवेपर्यंत थांबावं तशा. काकांच्या ओठांतून क बाहेर येत होता. इतक्यात शेजारी अप्पांनी घसा खाकरला. ते खाकरणं मला चांगलं ओळखीचं होतं. आता ती स्टेशनातली गाडी निघणार, आता नक्कल होणार. मला काहीही करून अप्पांच्या आधी बोलायचं होतं. "चहा," मी म्हणालो, "काका चहाच घेतात."

काकांचा हात थांबला. त्यांनी डोळे उघडले. त्यांच्यासमोर चहाचा कप आला. अप्पांनी तरीही विनोद केलाच, हात आपटूनही दाखवला, पण तिथे कुणी हसलं नाही. त्या बाईंनी ट्रे टेबलावर ठेवला आणि त्या आत गेल्या त्या बाहेर आल्या नाहीत. काकांनी चहा संपवला.

परतीच्या बसमध्ये मी त्यांच्याजवळ बसलो होतो. मला सॉरी म्हणायचं होतं, पण कशाबद्दल ते नीट कळत नव्हतं. गुट्टहळ्ळी मागे पडल्यावर काका खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "ती थांबली होती रे." एकदाही अडखळले नाहीत.

आठवड्याने निरोप आला. मुलाबद्दल काही तक्रार नाही, असं त्या बाईंनी सांगितलं होतं. पण ज्या घरात त्यांना बोलू देत नाहीत तिथे मला कुठून देतील, असंही सांगितलं होतं. अप्पांनी तो निरोप ऐकला आणि त्या दिवशी जेवले नाहीत. त्यानंतर दुकानात त्यांनी काकांची नक्कल कधी केली नाही. पण काकाही घडी टाकून पुढे कधी आले नाहीत.

पुढच्या रविवारी आम्ही पोरं नेहमीसारखी जमलो. काकांनी कॅसेट लावली. तारा उगवला, मुलगा वाढला, त्याने मूठ आवळली. दानव शहाण्यासारखा उभा राहिला. काका काहीच बोलले नाहीत. टीव्हीतून बारीक आवाजात जपानी तेवढं ऐकू येत राहिलं, आणि थोड्या वेळाने पोरं एकेक करून उठून गेली. हेब्बाळचं तिकीटही त्यांनी पुन्हा काढलं नाही. गुट्टहळ्ळीला ते चालत जायला लागले.

पाच वर्षांनी मला पुण्याला नोकरी लागली. निघायच्या दिवशी काका मला हॉटेलात घेऊन गेले. वेटर टेबलाशी येऊन काय हवं म्हणाला. मी मनाशी ठरवलंच होतं. आज जबडा अडको, हात आपटो, हॉटेल बंद व्हायची वेळ येवो, मी तोंड उघडणार नाही आणि त्या वेटरलाही हलू देणार नाही. मी नुसता काकांकडे बघत राहिलो. काकांच्या ते लक्षात आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हसले, माझ्या हातावर थोपटलं आणि वेटरला एका दमात म्हणाले, "दोन चहा."

मला मध्ये पडून कॉफी सांगावीशी वाटली. पण ते पुन्हा त्यांचं वाक्य मीच पुरं करण्यासारखं झालं असतं. आम्ही दोघांनी चहा घेतला. तो बरा नव्हता.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या कॅसेटींना बुरशी आली, आणि त्या मुलाचा अंगरखा खरोखर मोरपंखी होता का हे कळायचं राहून गेलं. हॉटेलात वेटर काय हवं विचारतो तेव्हा मी अजूनही थोडा वेळ गप्प राहतो. बरोबरच्या लोकांना वाटतं, माझं काही ठरत नाहीये. मग त्यांच्यापैकीच कुणीतरी माझ्यासाठी काहीबाही मागवून टाकतं.